मजाक म्हणजे चव



आज फवारणी, खत, बाजारभाव काही नाही. तीन दिवसांपासून झड लागली आहे. वावरात पाय रुतून राहिले, डवरा धुऱ्यावर उभा आहे. सोयाबीनच्या खालच्या शेंगा भरायला लागल्या, तेवढीच काय ती चांगली बातमी. पोळा आठ दिवसांवर आला. अशा दिवसांत कास्तकाराला दोनच कामं, कोठ्यात बसून दोर-वेसणी नीट करणं आणि गोष्टी करणं. म्हणून आज एका शब्दाची गोष्ट.

आमच्या मंडळात नवीन कृषी सहायक आली आहे, कोल्हापूरकडची पोरगी. कामाची चांगली आहे, बोंडअळीचे कामगंध सापळे स्वतः वावरात येऊन लावून दाखवते. परवा मला म्हणाली, "काका, तुमच्याकडं सगळे 'मजाक' म्हणतात. हा तर हिंदी शब्द. आमच्याकडं चेष्टा म्हणतात, नाहीतर मस्करी. वऱ्हाडात याला मराठी शब्द नाही का?"

पोरीनं खोचून विचारलं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण शब्द बाहेरून आला म्हणून तो आपला नाही, हे काही मला पटलं नाही. आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. मराठी शिकवलं, संस्कृत शिकवलं आणि तरुणपणी हैदराबादेत राहून उर्दूही शिकले. त्यांच्याकडे जाऊन बसलो. दोन कप चहा आणि दीड तास गेला, पण मजा आली.

गुरुजी म्हणाले, मजाक हा मूळ अरबी शब्द. अरबीत 'जौक' म्हणजे चव, चाखणं. शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याचे जे शायर उस्ताद होते, त्यांचं टोपणनावच 'जौक' होतं. त्याच धातूपासून मजाक झाला आणि त्याचाही अर्थ आधी चवच. उर्दूत आजही एखाद्याची साहित्यातली आवड, रुची सांगायची असेल तर 'मजाक' म्हणतात. हसण्या-बोलण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. गंमत पुढेच आहे. आपण 'मजा आली' म्हणतो, तो मजा शब्द अरबी नाही, फारसी आहे. आणि त्याचाही मूळ अर्थ चव! दोन वेगळ्या भाषांतून दोन वेगळे शब्द आले आणि दोघंही जिभेवरूनच आले.

मला हे लय आवडलं. कारण आमच्याकडे एखादा माणूस सपक बोलत असला तर "याच्या बोलन्यात काही चवच नाही" असंच म्हणतात. अरबी न शिकता आमच्या बुढ्यांना ते माहीत होतं म्हणायचं.

राहिला बाहेरच्या शब्दाचा मुद्दा. वऱ्हाडात अचलपूरला १४९० पासून १५७४ पर्यंत इमादशाही होती. पुढे निजाम आला, तो १८५३ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या हातात घेईपर्यंत होता. साडेतीनशे वर्षांत कचेरीची भाषा लोकांच्या तोंडात बसणारच. खरीप अरबी, मूळ अर्थ शरद ऋतू. रब्बी अरबी, मूळ अर्थ वसंत. जिरायत तिकडची, बागायत तिकडची. कर्ज आणि वसूल अरबी, हप्ता फारसी. हे शब्द काढून टाकले तर तलाठ्याच्या दप्तरात काय उरेल ते तुम्हीच सांगा. सगळे शब्द ठेवायचे आणि एकट्या मजाकला परका म्हणायचं, हे बरोबर नाही.

आणि तिची मस्करी तरी कुठली घरची? तीही अरबीच निघाली. 'मस्खरा' म्हणजे ज्याला लोक हसतात तो, सोंगाड्या. त्याचं वागणं ती मस्करी. संस्कृतात 'मस्करी' असा एक शब्द आहे, पाणिनीच्या व्याकरणात येतो, पण त्याचा अर्थ परिव्राजक, म्हणजे भटकणारा संन्यासी. 'मस्कर' म्हणजे वेळू. गुरुजी म्हणाले, नाव सारखं आहे म्हणून सोयरीक जुळवू नका, त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. थट्टा मात्र इकडचीच वाटते. हिंदीत 'ठट्ठा' आणि 'ठठाकर हसना' आहेच, मोठ्यानं हसण्याचा तो आवाज कानाला लागतो.

चेष्टा हा शब्द खरा संस्कृत. पण त्याचा अर्थ मुळात हालचाल, धडपड, प्रयत्न. हिंदीत आणि बंगालीत आजही चेष्टा करणे म्हणजे प्रयत्न करणे. आपण मराठी लोकांनी त्याचं हसू केलं. माझी समजूत अशी की माणसाच्या हालचालीची, चालण्या-बोलण्याची नक्कल करून हसवायचं, तिथून तो अर्थ आला असावा. लंगडणाऱ्यामागून पोट्टे लंगडत चालतात, तशातला प्रकार.

यावरून एक खरा किस्सा. आमच्या भागातल्या एका बँकेत झारखंडकडचे साहेब आले होते. माणूस सज्जन. जून महिना, पेरण्या तोंडावर, कर्जाचं नवं-जुनं अडकलेलं. आमच्यातले एक म्हातारे कास्तकार चौथ्यांदा गेले तेव्हा साहेब हात जोडून म्हणाले, "चाचाजी, मैं पूरी चेष्टा करूँगा." बुढा शांतपणे म्हणाला, "साहेब, चेष्टा तं आमची दरसालीच होते. यंदा कर्ज द्या." रांगेतले सगळे हसले. साहेबांना काही कळेना. कोणीतरी अर्थ सांगितला तेव्हा तेही हसले आणि मग जरा गंभीर झाले. त्या आठवड्यात सात-आठ जणांची प्रकरणं निघाली. बोलण्यामुळं निघाली की निघायचीच होती, ते माहीत नाही. पण तोच बुढा चिडून बोलला असता तर शिपायानं त्याला बाहेर काढलं असतं, हे नक्की.

मला या सगळ्या शब्दांत मजाक का आवडतो, ते सांगतो. मस्करी म्हटलं की नजर ज्याला हसलं त्याच्याकडे जाते. चेष्टा म्हटलं की त्याच्या व्यंगाकडे जाते. मजाक म्हटलं की चव कोणाला लागली, हे विचारावं लागतं. वाढणाऱ्याला स्वयंपाक गोडच वाटतो. ताटावर बसलेल्याला विचारा.

निंदणाच्या बायांमध्ये बसून पाहा. आमच्याकडे बारा-चौदा बाया ओळीनं निंदतात. कोणाची ओळ मागं राहिली, गवत राहिलं, तर मालकानं बोललेलं चालत नाही. मी म्हटलं, "हे गवत राह्यलं बाई," तर तोंडं फिरतात, आणि दुपारनंतर हात जास्तच जड होतात. तेच त्यांच्यातली एक म्हणते, "थे हराळी तुह्या माहेरची हाय काय वं, एवढी जपून ठेवून राह्यली?" हसू होतं, हराळी मुळासकट निघते. आणि ती लगेच म्हणते, "माह्या माहेरची असती तं तुह्या अंगनात लावली असती!" उलट बोलली की समजा हिशेब बरोबर झाला. कृषी अधिकाऱ्यांनी तणनियंत्रणाच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं नाही, पण दिवसाला दोन ओळींचा फरक यातून पडतो. माझ्या वावरातला तरी पडतो.

त्या टोळीत एक म्हातारी आहे, सगळ्यांत जास्त मजाक करणारी तीच. तिचं मी एक पाहून ठेवलं आहे. टोळीत एक पोरगी नवऱ्याघरून परत आलेली. कोणी तिच्यासमोर नवऱ्याचा विषय काढून हसायला लागली, की म्हातारी लगेच ओरडते, "वं, तुही ओळ पाय आधी!" कोणाला समजावत बसत नाही, शिव्या देत नाही. विषय तिथंच मोडतो. त्या पोरीला परत बोलता येणार नाही, हे म्हातारीला कळतं.

नात्यांतही हे ठरलेलंच आहे. दीर-भावजय, मेव्हणा-मेव्हणी, आजा-नातू यांच्यात खुशाल चालतं, उलट चाललं नाही तर काही बिनसलं का म्हणून विचारतात. सासऱ्यानं सुनेशी, भासऱ्यानं भावजयीशी नाही. लग्नात विहिणीला गाण्यातून कितीही बोला, दुसऱ्या दिवशी तेच तोंडावर बोललं तर सोयरीक तुटते. हे नियम कोणी लिहिले नाहीत, पण पोट्ट्याला पाचव्या-सहाव्या वर्षीच कळतात.

आता पोळ्याकडे येतो. विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. श्रावणातल्या अमावस्येला आमचा पोळा. आदल्या दिवशी खांदशेकणी, बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावायचं, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. पोळ्याला गावाच्या तोंडाशी तोरण बांधतात, सगळ्या जोड्या सजून त्याखाली रांगेत उभ्या राहतात आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे दोन-चार ओळींचं यमक जुळवलेलं बोलणं, बैलाचा कासरा हातात धरून मोठ्यानं म्हणायचं. शेवटी गौरा-पार्वतीला नमन आणि हर हर महादेव. सगळा पोळा एका आवाजात ओरडतो.

झडतीत काहीही येतं. महादेव येतो, कापसाचा भाव येतो, व्यापाऱ्याचा काटा येतो, निवडून गेलेला आमदार येतो, पाटलाची कंजुषी येते. एरवी सालदार मालकासमोर मान वर करत नाही, पण त्या दिवशी बैल त्याच्या हातात असतो, अंगावर नवे कपडे असतात आणि झडतीत तो मालकाला ऐकवतो. मालकानं हसायचं असतं. झडती या शब्दाचा दुसरा अर्थ तुम्हाला माहीत आहे, पोलीस घेतात ती. खिसे उलटे करून पाहणं. झाडाझडती म्हणतो तेच. पोळ्याची झडती मी तरी अशीच समजतो. वर्षभर कोणी काय लपवलं, ते गावासमोर झटकून दाखवायचं, पण यमकात आणि हसत. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तिच्यासोबत बडगे निघतात, त्यावरही त्या-त्या वर्षाच्या पुढाऱ्यांचा असाच समाचार घेतलेला असतो.

झडतीचा एकच कायदा आहे. झडतीला उत्तर झडतीनं. हात उचलायचा नाही, राग धरायचा नाही, उत्तर सुचलं नाही तर महादेवाचं नाव घ्यायचं.

मागच्या वर्षीच्या पोळ्याची गोष्ट लिहितो. ज्याची आहे त्याला विचारून लिहितो, नाव लिहू नको म्हणाला.

आमच्या शेजारच्या वावरातला पोरगा, चौतीस वर्षांचा. बी.ए. झालेला, सहा एकर, विहीर, ठिबक, दारू नाही, सट्टा नाही. तूर तो अशी घेतो की मी माझी तूर पाहायला आलेल्या माणसाला आधी त्याच्या धुऱ्यावर नेतो. लग्न जमत नाही. गावोगाव हेच आहे, तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझ्या गावात तिशी ओलांडलेले असे पोरगे मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत.

संध्याकाळी पारावर तो आला की सुरू व्हायचं. "काय बे, यंदा तरी वाजते का डफडं?" पहिल्या वर्षी तो म्हणायचा, "तुम्ही आधी आहेर दाखवा, डफडं मी आनतो." सगळे हसायचे, तोही हसायचा. दुसऱ्या वर्षी नुसता हसायचा. तिसऱ्या वर्षी हसणंही बंद झालं. मग तो वावरातून घरी जायला पारावरचा रस्ता सोडून मागच्या पांदणीनं जायला लागला. पावसाळ्यात त्या पांदणीत गुडघाभर चिखल असतो. त्याची आई एक दिवस मला म्हणाली, "भाऊजी, हा पारावर काऊन येत नाही? कोनाशी भांडन झालं काय?" भांडण कोणाशीच नव्हतं. मी पारावर विषय काढला तर एक जण म्हणाला, "आमी का त्याले मारलं? मजाकच तं केली." त्याला मनापासून तसंच वाटत होतं. वाईट माणूस नाही तो. त्या पोराच्या बापाच्या दुखण्यात रात्री गाडी काढून दवाखान्यात नेणारा तोच होता.

तर पोळा. तीस-बत्तीस जोड्या होत्या. आधी म्हाताऱ्यांच्या झडत्या झाल्या. एकानं पीक विम्यावर म्हटली, एकानं रस्त्याच्या खड्ड्यांवर. मध्ये जरा शांतता झाली. आणि या पोरानं कासरा हाताला गुंडाळून आवाज दिला,

"वावर पाह्यजे, वाडा पाह्यजे, विहिरीले पाह्यजे पानी,
पोरगा मात्र शहरात पाह्यजे, वावरात नको कोनी!"

पहिले सगळे तरुण पोरगे हसले. काही तर शिट्ट्याच मारायला लागले. मग बाया हसल्या. ज्यांच्या घरात लग्नाच्या पोरी आहेत ते बाप लोक मात्र वर तोरणाकडे पाहू लागले, आंब्याची पानं मोजल्यासारखे. पारावर सगळ्यांत जास्त डफडं वाजवणारा जो गृहस्थ, त्यानं तीन वर्षांपूर्वी आपल्या पोरीसाठी अशीच स्थळं पाहिली होती. शेती पाहिजे, पण मुलगा नोकरीवाला, पुण्यातला. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. कायद्यानं उत्तर त्याच्याकडे होतं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं आणि हात वर करून मोठ्यानं "हर हर महादेव" म्हणाला. सगळा पोळा त्याच्यामागं ओरडला. तोरण तुटलं, पोळा फुटला.

संध्याकाळी घरोघरी बैल नेतात, बैलवाल्याला बोजारा मिळतो. हा पोरगा त्या गृहस्थाच्या दारातही गेला, मी ओसरीवर बसलेलो होतो. काकूंनी बैलांना ओवाळलं. गृहस्थानं पन्नासची नोट काढली, थोडा थांबला, अजून एक काढली आणि म्हणाला, "झडती बराबर होती बे. पन पोरीचं मी एकटा ठरवत नाही. तिची माय ठरवते."

पोरगा म्हणाला, "मंग पुढच्या पोळ्याले काकूलेच पाठवा बैल घेऊन."

काकू हातातलं ताट सांभाळत एवढ्या हसल्या की दिवा विझला. गृहस्थही हसला, आणि मान खाली घालून पानाचा डबा उघडत बसला. दुसऱ्या दिवसापासून पोरगा पारावर यायला लागला. डफड्याचा विषय त्याच्यासमोर कोणी बंद केला असं नाही, पण आता विचारलं की तो सोडत नाही. त्याचं लग्न अजून जमलेलं नाही. दिवाळीनंतर एक स्थळ आहे म्हणतात, दारव्ह्याकडचं. पाहू.

यंदा पोळ्यात किती जोड्या येतील माहीत नाही. परवा मोजल्या तर गावात एकोणीसच भरल्या, दोन जोड्या उन्हाळ्यात चाऱ्यावाचून विकल्या गेल्या. दोन-तीन घरचे ट्रॅक्टर धुऊन, त्याला झूल घालून तोरणाखाली आणतात. मला त्याचं हसू येत नाही, त्यांचा बैल तोच आहे. पण ट्रॅक्टर चालू असला की झडती ऐकू येत नाही, तेवढं बंद करून उभे राहा म्हणावं. आमचे झडत्या म्हणणारे दोन म्हातारे या वर्षात गेले. त्यांच्या झडत्या कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या. गुरुजी आता शाळेच्या पोरांकडून उरलेल्यांच्या वहीत उतरवून घेत आहेत. तुमच्या गावात कोणी म्हातारा असेल तर त्याच्याजवळ बसा, मोबाईलवर आवाज भरून घ्या. पोळ्याच्या दिवशी नको, त्या दिवशी हलगी-डफड्यात काही ऐकू येत नाही. आधीच जा.

आणि तुमच्याकडे या बोलण्याला काय म्हणतात ते कळवा. खानदेश, मराठवाडा, कोकण, झाडीपट्टी, जिथले असाल तिथला शब्द. कोल्हापूरच्या पोरीला यादी करून द्यायची आहे.

उघाड पडली की आधी कपाशीत चक्कर मारा. पाणी साचून असेल तर चर काढून बाहेर काढा. एवढ्या झडीनंतर कडक ऊन पडलं की झाडं एकदम माना टाकतात, आकस्मिक मर म्हणतात ती. माझ्या खालच्या बांधीत चार-पाच झाडं आजच मलूल दिसत आहेत. उद्या पाऊस थांबला तर फोटो टाकतो.